सेवा आणि सवाल
(शिक्षक व युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)

‘माध्यमिक शाळांतील विद्यार्थी मंडळे आणि स्वयंसेवी नेतृत्व’ हा आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. शेतमालाचा भाव, बेकारी, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न दारात उभे असताना आठवी-नववीच्या मुलांच्या मंत्रिमंडळाबद्दल तासभर बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर प्रारंभीच देतो. प्रत्येक बैठकीत आपण कार्यकर्त्यांच्या तुटवड्याबद्दल हळहळतो. पण कार्यकर्ता काही विसाव्या वर्षी आभाळातून पडत नाही. सभेत उभे राहून बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, हिशेब ठेवणे, अंगावर घेतलेले काम तडीस नेणे आणि वरिष्ठाला नम्रपणे पण न डगमगता प्रश्न विचारणे या सवयी लहानपणी लागल्या तर लागतात. पुढे त्या लावायच्या म्हटले तर फार कष्ट पडतात.

१९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे दहावीच्या वर्गातून बाहेर पडणारी मुले अवघ्या दोन-तीन वर्षांत मतदार होतात. तोपर्यंत त्यांनी लोकशाही पाहिलेली असते कोठे? घरात क्वचितच. गावात पाहिलेली असते ती निवडणुकीच्या धामधुमीत आणि रात्रीच्या वाटपात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ती काही गुणांपुरती असते. लोकशाही प्रत्यक्ष करून पाहण्याची, चुकत चुकत शिकण्याची जागा म्हणाल, तर ती शाळा. म्हणून शाळेत तिचे काय चालले आहे हे पाहणे आपले काम आहे.

आपल्याकडच्या अनेक हायस्कुलांत पावसाळ्याच्या सुरुवातीला शालेय मंत्रिमंडळ स्थापन होते. काही ठिकाणी मुख्याध्यापक नावे वाचून दाखवतात. पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी मुख्यमंत्री आणि बाकीची खाती शिक्षकांच्या पसंतीने, अशी ती रीत. काही ठिकाणी खरोखरीचे मतदान होते, पेटी ठेवली जाते, बोटाला शाई लागते. शपथविधी होतो, छायाचित्र निघते. पुढे काय होते? स्वच्छतामंत्री रोज सकाळी नखे तपासतो. क्रीडामंत्र्याकडे चेंडूच्या कपाटाची किल्ली येते. शिस्तमंत्री बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहितो. सहलमंत्री एस.टी.त बसलेली डोकी मोजतो. अर्थमंत्र्याकडे मात्र एक रुपयाही नसतो. सांस्कृतिक खाते बहुधा मुलीकडे जाते आणि ‘मुख्य’ हा शब्द बहुधा मुलाच्या नावामागे लागतो. स्नेहसंमेलन आणि २६ जानेवारी झाली की मंत्रिमंडळाचे काम संपते.

या कामांना मी क्षुल्लक म्हणत नाही. पण अशा शाळेत गेलो की मी तीन गोष्टी विचारतो. या मंत्रिमंडळाची सभा वर्षात किती वेळा भरली? तिचे इतिवृत्त कोणी लिहिले आहे काय? आणि त्या इतिवृत्तात एक तरी असा प्रश्न आहे काय, की ज्याला शाळेच्या चालकांना उत्तर द्यावे लागले? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर ते मंत्रिमंडळ म्हणजे शिक्षकांच्या हाताखालचे बिनपगारी मदतनीस होत. अशा मंडळात मुले काहीच शिकत नाहीत असे नव्हे. वरच्याचे ऐकावे, खालच्यावर ओरडावे आणि नाव लिहिण्याचा अधिकार आपल्याकडे असला म्हणजे नेतृत्व, एवढे ती उत्तम शिकतात. पुढे ग्रामपंचायतीत आणि साखर कारखान्यात जे पुढारी आपण पाहतो, त्यांचे पहिले धडे येथे तर गिरवले गेले नसतील ना, असा विचार मनात येतो.

आता सेवेकडे येतो, कारण स्वयंसेवक हा आपल्या चळवळीचा जिव्हाळ्याचा शब्द आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था पाहत होते. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरून ठेवत, त्यांचे पडलेले कपडे धुऊन टाकत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. छात्रालयाच्या प्रमुखाने शिक्षा करण्याऐवजी स्वतः झाडू हाती घेतला, तेव्हा मुलांना जे कळले ते कोणत्याही शिस्तमंत्र्याला सांगता आले नसते. श्रम हलका नाही, आणि पुढारी तोच जो काम सांगण्याआधी ते करतो. पुढे १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी हाच संस्कार खेळ, कवायत, गाणी आणि श्रमदान यांतून हजारो मुलामुलींपर्यंत नेला.

परंतु सेवेच्या नावाखाली बिगारही चालते, हे विसरून चालणार नाही. सेवा आणि बिगार यांतला भेद ओळखायला मी तीन खुणा सांगतो. पहिली, काम ठरवताना करणाऱ्याला विचारले होते काय? दुसरी, काम सर्वांच्या वाट्याला पाळीपाळीने येते, की ठरावीक मुलांच्याच? वर्ग झाडायला मुली आणि बाके उचलायला मुले अशी वाटणी ज्या शाळेत आहे, तेथे श्रमप्रतिष्ठेचा पाठ चाललेला नसून चूल आणि मूल यांचाच पाठ चालला आहे. आणि संडास धुण्याचे काम फिरून फिरून एकाच वस्तीतल्या मुलांकडे जात असेल, तर त्या शाळेत जातिव्यवस्था शिकवली जात आहे, मग भिंतीवर कोणाचीही छायाचित्रे लावलेली असोत. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. हे काम करण्याची वेळ का आली, हे विचारण्याची स्वयंसेवकाला मुभा आहे काय? मुले दुरून घागरीने पाणी आणून शाळेची टाकी भरतात, ही सेवा खरीच. पण नळाला पाणी का येत नाही, हा सवाल जर त्यांनी करायचा नसेल, तर त्यांच्या सेवेने फक्त जबाबदार माणसांची सोय होते. सेवेला सवालाची जोड हवी, आणि जो सवाल करतो त्याने सेवेतही मागे राहता कामा नये. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच.

हे तत्त्व म्हणून मान्य करणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्याची किंमत काय पडते आणि त्यातून काय घडू शकते, हे समजण्यासाठी मी आपल्याला अमेरिकेतल्या एका हायस्कुलात नेतो. व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड काउंटी नावाचा तंबाखू पिकवणारा जिल्हा आहे. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य गाव. तेथे गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी, असा कायदाच होता. काळ्या मुलांसाठी १९३९ साली बांधलेल्या रॉबर्ट रूसा मोटन हायस्कुलात सुमारे १८० मुलांची सोय होती. १९५१ साली तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जादा मुलांसाठी आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली होती. पावसात ती गळत आणि थंडीत शेगडीजवळच्या मुलांना घाम फुटे, तर दूरची मुले कोट घालून बसत. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही, जेवणाची खोली नाही. पालकांनी आणि मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांनी शिक्षण मंडळाकडे अनेकदा खेटे घातले. दर वेळी आश्वासन मिळाले, इमारत मिळाली नाही.

या शाळेत बार्बरा जॉन्स नावाची १६ वर्षांची मुलगी होती. ती विद्यार्थी मंडळात काम करीत असे. शाळेच्या दुरवस्थेबद्दल तिने आपल्या संगीतशिक्षिकेकडे तक्रार केली, तेव्हा त्या बाईंनी तिलाच विचारले, मग तू यावर काही का करीत नाहीस? या प्रश्नाने तिच्या मनात घर केले. तिने विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्ष कॅरी स्टोक्स आणि इतर काही विश्वासू मुलामुलींना हाताशी धरले. कित्येक महिने ही मंडळी गुप्तपणे भेटत राहिली, आणि घरच्या माणसांनाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही. २३ एप्रिल १९५१ रोजी एका दूरध्वनीच्या निमित्ताने मुख्याध्यापकांना त्यांनी शाळेबाहेर जायला लावले आणि वर्गावर्गात चिठ्ठ्या पाठवून सर्वांना सभागृहात बोलावले. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर बार्बरा उभी होती. तिने शाळेची स्थिती मांडली आणि संपाची हाक दिली. साडेचारशे मुले बाहेर पडली आणि सुमारे दोन आठवडे संपावर राहिली.

त्याच दिवशी या मुलींनी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे ते वकील. मुलांची समजूत काढून त्यांना परत वर्गात पाठवावे, अशा बेताने ते आले होते. मुलांचा निर्धार पाहून त्यांचाच विचार बदलला. पण त्यांनी एक अट घातली. नुसती चांगली इमारत मागायची असेल तर आम्ही नाही, वेगळ्या शाळांची पद्धतच रद्द करा अशी मागणी करणार असाल तर आम्ही आहोत. मुलांनी घरी जाऊन आईबापांशी चर्चा केली, गावातल्या चर्चमध्ये मोठी सभा भरली, आणि धर्मोपदेशक फ्रान्सिस ग्रिफिन यांनी मुलांची बाजू उचलून धरली. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. पुढे तो सर्वोच्च न्यायालयात इतर चार दाव्यांबरोबर जोडला गेला आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल लागला. त्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला दावा हा एकच.

किंमतही सांगितली पाहिजे. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. बार्बराच्या जिवाला धोका आहे असे वाटून घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवले. न्यायालयाचा हुकूम पाळण्याऐवजी त्या जिल्ह्याने १९५९ मध्ये आपल्या सर्व सरकारी शाळांना कुलूप लावले आणि १९६४ पर्यंत ते उघडले नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, काळ्या मुलांच्या एका पिढीची शिक्षणाची वर्षे बुडाली. बार्बरा पुढे ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली वारली. अमेरिकी संसदेच्या वास्तूत व्हर्जिनियाच्या वतीने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती ली यांचा पुतळा उभा होता. तो २०२० मध्ये हलवण्यात आला आणि त्या जागेसाठी राज्याने निवड केली ती या मुलीची.

मित्रहो, ही हकिगत मी आपल्या शाळांत संप घडवून आणण्यासाठी सांगितलेली नाही. तिच्यातून काय घ्यायचे ते नीट पाहू या. त्या मुलांनी पहिल्याच दिवशी शाळा सोडली नाही. अर्ज-विनंत्यांचे सारे मार्ग वर्षानुवर्षे चोखाळून झाले होते. त्यांना सभा कशी भरवावी, काम कसे वाटावे, शब्द कसा पाळावा हे येत होते, कारण विद्यार्थी मंडळात आणि शाळेच्या इतर उपक्रमांत त्यांचा तो सराव झाला होता. त्यांची मागणी इमारतीपासून सुरू झाली आणि चर्चेअंती समतेपर्यंत पोचली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांनी सवाल केल्यावर त्यांच्या पाठीशी उभी राहणारी मोठी माणसे तेथे होती. शिक्षिका होती, वकील होते, धर्मोपदेशक होता, पालक होते. ती नसती, तर साडेचारशे मुलांना छड्या बसल्या असत्या आणि प्रकरण मिटले असते. म्हणून आपल्या गावच्या शाळेतल्या एखाद्या मुलीने मुलींच्या स्वच्छतागृहाला दार का नाही असे विचारले, तर कसोटी तिची नसते, आपली असते.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला असा की, मुलांना प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला की शिस्त बिघडते. वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी १९१२ पासून अनाथ ज्यू मुलांचे एक गृह चालवले. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते आणि न्यायाधीशही मुलेच. मोठ्या माणसांवरही तेथे फिर्याद करता येई, आणि स्वतः कोर्चाक यांच्यावरही फिर्यादी झाल्या. त्या न्यायालयाच्या संहितेतली पहिली सारी कलमे क्षमेची होती. बेशिस्त माजली नाही. उलट, आपल्यालाही नियम लागू आहे असे मोठ्यांनी दाखवल्यावर नियमाची प्रतिष्ठा वाढली. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी ती मुले ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे नेली, तेव्हा कोर्चाक सुटकेची संधी नाकारून मुलांबरोबर गेले. मुलांना अधिकार देणारा माणूस मुलांवर कमी माया करतो, या समजुतीला याहून मोठे उत्तर मला माहीत नाही. मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, हे १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आले आहे आणि भारताने १९९२ साली त्या संहितेला मान्यता दिली आहे.

दुसरा आक्षेप असा की, यामुळे शाळेत राजकारण शिरेल. महाविद्यालयांच्या बाबतीत याच भीतीने १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वर्गप्रतिनिधी गुणांच्या क्रमाने नेमण्याची पद्धत आली. परीक्षेत पहिला आलेला तोच प्रतिनिधी, म्हणजे मत घेण्याची गरजच उरली नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली खरी, पण मधल्या दोन दशकांत पक्षाचे तिकीट मिळवणे थांबले काय? घराणेशाही थांबली काय? थांबली ती गरीब घरच्या मुलांना बोलण्याची संधी. आणि पोटाचा प्रश्न राजकारणापासून वेगळा काढता येत नाही, हे आपण पाहिले आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात जेवणाचे दर वाढले, तेथून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

मात्र आपल्यालाही एक पथ्य पाळावे लागेल. शाळेच्या विद्यार्थी मंडळात आपल्या पक्षाची शाखा काढण्याचा मोह कोणी धरू नये. मुलांच्या हाती आपले झेंडे देऊन त्यांच्याकडून आपल्या घोषणा वदवून घेणे, हीसुद्धा बिगारच आहे. आपण त्यांना पद्धत द्यावी, प्रश्न त्यांचे त्यांनी शोधावेत. ते प्रश्न आपल्याला गैरसोयीचे असले तरी चालतील. आपल्यापैकी काहीजण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. पहिली गोष्ट म्हणजे निवड. प्रत्येक वर्गातून एक मुलगा व एक मुलगी, गुप्त मतदानाने, आणि मुख्य पद एका वर्षी मुलाकडे तर पुढच्या वर्षी मुलीकडे. दुसरी गोष्ट, दर महिन्याला सभा, आणि तिचे इतिवृत्त मुलांनीच लिहून प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर वाचणे. तिसरी, प्रश्नवही. कोणत्याही विद्यार्थ्याने तीत नाव न घालताही प्रश्न लिहावा आणि मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांत त्याच पानावर उत्तर लिहावे. ‘निधी नाही’ हेही उत्तर चालेल, पण ते लेखी हवे. चौथी, पैसा. स्नेहसंमेलनाचा आणि सहलीचा जमाखर्च अर्थमंत्र्याने शिक्षकाच्या मदतीने मांडावा आणि फलकावर लावावा. ज्या मुलाने चौदाव्या वर्षी शंभर रुपयांचा हिशेब चारचौघांत दिला आहे, त्याला पुढे लाखांचा हिशेब दडवताना निदान लाज वाटेल. पाचवी, सेवेची पाळी. झाडणे, पाणी भरणे, मागे पडलेल्या मुलांना शिकवणे ही कामे यादीनुसार सर्वांकडे फिरावीत, आणि त्या यादीत शिक्षकांचीही नावे असावीत.

या प्रश्नवहीला दात कोठून आणायचे, असे आपण विचाराल. त्याची सोय कायद्यात आहे. पुष्कळ हायस्कुले पाचवीपासून सुरू होतात, म्हणजे आठवीपर्यंतच्या वर्गांना २००९ चा शिक्षणहक्क कायदा लागू होतो. त्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे शुद्ध पाणी हे निकष घातलेले आहेत. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार, विनाअनुदानित शाळा वगळता, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. आपल्यातले कितीतरी जण पालक आहेत. समितीच्या प्रत्येक बैठकीत मुलांच्या प्रश्नवहीचे वाचन हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, एवढा आग्रह आपण धरू शकतो. त्यासाठी मोर्चा लागत नाही, सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. लागते ती चिकाटी.

तेव्हा या शिबिरातून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावातली एक शाळा निवडावी. मुख्याध्यापकांना भेटावे, मंत्रिमंडळाच्या मुलांशी बोलावे, इतिवृत्ताची वही मागावी. वही नसेल तर एक कोरी वही विकत घेऊन द्यावी. मग दर महिन्याला जाऊन ती वाचावी, आणि तीत लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल तर त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहावे. पुढच्या शिबिरात भाषणांऐवजी त्या वह्या आपण एकत्र बसून वाचू या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.